एकच तास तीनदा

सोमवार, ९ फेब्रुवारी

गाडीत मशीन बसलं. स्टिअरिंगशेजारी एक नळी, समोरच्या काचेवर एक कॅमेरा. नळीत फुंकायचं. श्वासात दारू अजिबात नसली तर पास, गाडी सुरू. थोडी जरी असली तरी नापास, गाडी बंद. कॅमेरा दर वेळी फोटो काढतो, फुंकणारा मीच होतो की कुणी भाड्याने आणलेला, हे कळायला. मारिसेल नावाची मुलगी मेरिडेलहून येऊन बसवून गेली. तिने सगळं दोनदा समजावलं. मी म्हटलं, मुली, मी एकतीस वर्षं धान्याच्या सायलोवर वजनकाटा सांभाळलाय, यंत्र काय असतं ते मला सांगू नकोस. ती म्हणाली, मग तर तुम्हाला सोपंच जाईल.

कोर्टाने मला दारूचा कोर्स लावलाय, त्या कोर्सवाल्या बाईने पिण्याची रोजची नोंद ठेवायला सांगितली आहे. ती वही वेगळी. ती स्वच्छ आहे. ही दुसरी वही माझी मला.

आधी एक गोष्ट लिहून ठेवतो. माझी केस दारूची नव्हतीच, मटणाची होती. आमच्या बोलिंग क्लबात (हिरवळीवर गोळे घरंगळवायचे, जोरजोरात वाद घालायचे, असा खेळ) दर शुक्रवारी मटणाच्या ट्रेची सोडत असते. नोव्हेंबरात मला ट्रे लागला. चॉप्स, सॉसेज आणि एक अख्खी तंगडी. बाहेर बेचाळीस डिग्री, आमच्याकडे नोव्हेंबर म्हणजे उन्हाळा. घर सातशे मीटरवर. चालत नेलं असतं तर मांस वाया गेलं असतं. मी विचार करून, जबाबदारीने गाडी काढली. कॉन्स्टेबलला हे सगळं नीट सांगितलं. त्याने ट्रेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, क्लॅरी, फुंका. कोर्टातही मटणाचा मुद्दा कुणी विचारात घेतला नाही. तीन महिने लायसन्स गेलं, आणि आता हे मशीन.

ते तीन महिने नोएलीनला डायलिसिसला चर्चची गाडी नेत होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार. मेरिडेलचं हॉस्पिटल, एका बाजूने चौऱ्याऐंशी किलोमीटर. नोएलीनची नजर गेल्या वर्षीपासून अधू, ती चालवू शकत नाही. गाडी चालवणारा हर्बर्ट पिम. वय अठ्ठ्याहत्तर, स्पीड सत्तर, विषय टोमॅटो. उद्यापासून मी नेणार. माझी बायको, माझी गाडी. नोएलीन म्हणत होती, राहू दे ना महिनाभर हर्बर्टचं, एकदा यादीतून नाव गेलं की परत लागायला किती दिवस जातील कोण जाणे. मी फोन करून नाव काढूनच टाकलं. चाळीस वर्षांचा संसार आहे, टोमॅटोवाल्याच्या भरवशावर चालवायचा का?

संकल्प: बिअर बंद. पूर्ण बंद. फक्त शुक्रवारी क्लबात एक. क्लबाचा सेक्रेटरी म्हणून.

मंगळवार, १० फेब्रुवारी. सकाळी साडेनऊ, हॉस्पिटलचं पार्किंग

पास! पहिल्याच फुंकेत. मशीनचं नाव मी हेडमास्तर ठेवलं आहे. वीस मिनिटांनी रस्त्यात परत बीप वाजली, गाडी चालू असताना पुन्हा फुंकायचं असतं. तेही पास. नेमके बेकरीसमोर होतो. बेकरीतल्या तिघी काउंटर सोडून बघायला आल्या. मी हात केला.

नोएलीन म्हणाली, चाळीस वर्षांत तुझी परीक्षा चालू असताना शेजारी बसायचा योग पहिल्यांदाच आला, मजा वाटली. खवचट आहे, पण हसत होती. तिचं हसणं हल्ली दुर्मिळ झालं आहे. साडेचार तास ती त्या खुर्चीत, मी इथे गाडीत. बरं वाटतंय. खूप बरं वाटतंय, लिहायला हरकत नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी. दुपारी चार

अकरा दिवसांत फक्त एकदा, मागच्या शुक्रवारी, तेही एकच. (कोर्सच्या वहीत: शून्य. एक म्हणजे जवळजवळ शून्यच.)

आज सोडत. चिठ्ठ्या सेक्रेटरीनेच काढायच्या असतात. अडचण पिण्याची नाही, राऊंडची आहे. टेबलावर जितकी माणसं तितक्या फेऱ्या, प्रत्येकाने एकदा सगळ्यांसाठी आणायचं. आपली फेरी यायच्या आत जो उठून जातो त्याचं नाव गावात पुढची वीस वर्षं खराब. एक कीथ बॅगशॉ अठ्ठ्याण्णव साली असा उठून गेला होता, त्याच्या बायकोला बँडेज बांधायचं म्हणून. लोक अजून त्या बँडेजचा विषय काढतात. म्हणजे चार जणांच्या टेबलावर बसलं की चार होणारच. यात माणसाच्या इच्छेचा प्रश्न येतोच कुठे?

म्हणून आज मी दोघांच्या टेबलावर बसणार. दोघे, दोन फेऱ्या, विषय संपला. सहाला घरी. उद्या सकाळी सहाला निघायचं, मध्ये बारा तास. कोर्सवाली बाई म्हणते, साधारण एक ग्लास उतरायला एक तास, पण अंदाजावर विसंबू नका. मी अंदाज लावतच नाही, मी हिशोब करतो.

शनिवार, २१ फेब्रुवारी. सकाळी साडेनऊ, हॉस्पिटलचं पार्किंग

नापास.

दोघांच्या टेबलावर मी आणि डूली बसलो. डूली म्हणजे खेळातला माझा जोडीदार. मग डूलीचा मेहुणा खुर्ची ओढून बसला. मग आणखी दोघं आले. माझी इच्छा कुठेच नव्हती, खुर्च्या वाढत गेल्या. पुढे सोडत उशिरा झाली.

सकाळी माऊथवॉशने गुळण्या केल्या, ते नडलं. त्यात अल्कोहोल असतं, बाटलीवर लिहिलंय. नोएलीनला बाटली दाखवली. ती म्हणाली, ही बाटली मागच्या वर्षीपासून अर्धी आहे, क्लॅरी.

हेडमास्तर अर्धा तास नीट बोलेनात, गाडीला कुलूप. नंतर परत फुंकलो, पास. म्हणजे माऊथवॉशच. युनिटमध्ये पन्नास मिनिटं उशिरा पोहोचलो. लागी नावाची सिस्टर आहे, धिप्पाड बाई, आवाज मात्र हळू. ती म्हणाली, पुढच्या पेशंटची वेळ ठरलेली आहे, आज नोएलीनला पन्नास मिनिटं कमीच मिळणार. नोएलीनने गुडघ्यावरची शाल सारखी केली आणि हात पुढे केला सुईसाठी.

संकल्प: माऊथवॉश बंद.

गुरुवार, ५ मार्च

वेळापत्रक केलं. दोन रंगांत. डावीकडे शेवटचा ग्लास किती वाजता, उजवीकडे गाडी किती वाजता. फ्रिजवर लावलं. डायलिसिसच्या आदल्या दिवशी शक्यतो नाही, झाल्यास पाचच्या आत. कोर्सवाली बाई सांगते की कॉफी, अंघोळ, सकाळची हवा, कशाने काही होत नाही, उतरायला फक्त वेळ लागतो. हे मला पटलं. वेळ म्हणजे शिस्त. शिस्तीत मी कुणाला ऐकणार नाही.

नोएलीनने वेळापत्रक चष्मा लावून, अगदी जवळ जाऊन वाचलं. मग म्हणाली, यात एक रकाना राहिलाय, 'नाही प्यायलो तर' असा. मी म्हटलं, थट्टा नको, हे सीरियस काम आहे. ती म्हणाली, मी थट्टा करत नव्हते.

हर्बर्टच्या गाडीत परत नाव घालू का, असं विचारत होती. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही का? ती म्हणाली, तुझ्यावर आहे. मग थोडं थांबून म्हणाली, शुक्रवारवर नाही. नाव घालू दिलं नाही मी.

शनिवार, १४ मार्च. सकाळी साडेनऊ

नापास. पाचलाच थांबलो होतो, पण पाच वाजता क्लबाच्या अध्यक्षाचा वाढदिवस निघाला. सहा वाजता निघाला असता तर गोष्ट वेगळी.

एक कल्पना सुचली ती प्रामाणिकपणे लिहितो. नोएलीन शेजारी बसलेली असते. ती थेंबही घेत नाही. तिने एकदा फुंकलं तर? फोटोचं नंतर बघता येईल. मी हे सरळ विचारलंसुद्धा नाही, नुसती नळी जरा तिच्या बाजूला वळवली. ती नळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, माझ्यात फुंकायला श्वास असता तर तुला फुंकायची वेळ आलीच नसती, मी चालत गेले असते.

सव्वा तास तसेच गाडीत बसून राहिलो. मग पास झालो. या वेळी दीड तास कमी मिळाला. लागी सिस्टरने माझ्याकडे बघितलं, ते बघणं मला आवडलं नाही. आपण कर भरतो.

मंगळवार, २४ मार्च

नोएलीन आत खुर्चीत असताना मी मारिसेलकडे जाऊन आलो. ती दर सहा आठवड्यांनी मशीनमधली माहिती उतरवून घेते. तीन नापास निघाले. (तिसरा सतरा मार्चचा, सेंट पॅट्रिकचा. त्याबद्दल लिहायचं राहून गेलं होतं. आमचं आडनाव टूई, घराणं मूळचं आयर्लंडचं, तो एक दिवस घरातला सण आहे.) नापास झाले म्हणून मशीन आता आणखी काही महिने राहणार. मी माऊथवॉशचं सांगितलं. मारिसेल म्हणाली, माऊथवॉश पाच मिनिटांत जातो हो क्लॅरी, तुमचं तर तासभर रेंगाळलंय.

मग तिने फोटो दाखवले. एकापाठोपाठ एक, पन्नासच्या वर. गाल फुगवलेला मी. केस विंचरायला हवे होते. मी तेच बघत होतो, तर मारिसेल म्हणाली, या मागे कोण? तुमच्या मिसेस का? आणि दर वेळी डोळे मिटून का बसतात, प्रार्थना करतात?

नीट बघितलं. खरंच. प्रत्येक फोटोत माझ्या खांद्यामागे नोएलीन, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात आणि डोळे घट्ट मिटलेले. पास झालेल्या फोटोतही. आमच्या घरात प्रार्थना वगैरे कुणी करत नाही. मी म्हटलं, सकाळची वेळ, झोप येत असेल.

येताना गाडीत तिला विचारलं. ती म्हणाली, झोप कसली, बीप ऐकते. एक लांब वाजली की जायचं, दोन आखूड वाजल्या की नाही. डोळे उघडे ठेवले की तुझं तोंड दिसतं, आणि तुझ्या तोंडावरून काही कळत नाही, तू दोन्ही वेळा सारखाच दिसतोस.

रस्ता सरळ आहे, दोन्हीकडे कापलेला गहू, बघण्यासारखं काही नाही. थकल्यासारखं झालं. संकल्प केला नाही आज. तीन आठवडे शुक्रवारी क्लबात जाणार नाही, एवढंच म्हणालो, तेही मोठ्याने नाही.

गुरुवार, २ एप्रिल

शुक्रवारी २७ तारखेला गेलो नाही! डूली दारात येऊन म्हणाला, म्हाताऱ्या, मेलास का? मी म्हटलं, तब्येत बरी नाही. त्या रात्री झोप लागली नाही, पण सकाळी पास. मंगळवार पास. आज पास. नोएलीन आज गाडीत बसल्यावर म्हणाली, परतताना आइस्क्रीम खाऊ या का, अर्धा कप मला चालतं. खाल्लं. बाकावर बसून. तिच्या नाकाला लागलं होतं, मी पुसलं.

लागी सिस्टरने सांगितलं, ईस्टरच्या सुट्टीत माणसं कमी आहेत म्हणून शनिवारची पाळी रविवारी. सकाळी आठला खुर्चीत. बाराला युनिट बंद, त्यामुळे वेळेवर या. 'वेळेवर' म्हणताना माझ्याकडे बघितलं.

म्हणजे शनिवार मोकळा. शनिवारी क्लबाची ईस्टर स्पर्धा. जोडी: डूली आणि मी. शुक्रवारी क्लब बंद असतो, गुड फ्रायडे, तो आपोआप गेलाच. खेळायला काय हरकत आहे? गोळ्यात दारू नसते.

शनिवार, ४ एप्रिल. सकाळी दहा

वेळापत्रक तयार. रविवारी साडेसहाला निघायचं. संध्याकाळी सहाला शेवटचा ग्लास, जास्तीत जास्त सात ग्लास. मध्ये बारा तासांच्या वर. पाच तास शिल्लकच पडतात. नोएलीनला दाखवलं. ती म्हणाली, आजच्या दिवस लिंबू सरबत पी ना. मी म्हटलं, फायनलला पोहोचलो तर ट्रॉफीच्या फोटोत लिंबू सरबत बरं दिसेल का? ती म्हणाली, मला फोटोचं काही सांगू नकोस.

रविवार, ५ एप्रिल. सकाळी पावणेनऊ, गाडीत

शांतपणे, क्रमाने लिहितो.

फायनल जिंकलो. सहा वाजता मी उठलो होतो, याला साक्षीदार आहेत. टोपी डोक्यावर घातली होती. तेवढ्यात डूली म्हणाला, बस की लेका, उन्हाळ्यात पुढे केलेली घड्याळं आज रात्री एक तास मागे जाणार, उन्हाळ्याची वेळ संपली, सरकार तुला एक तास फुकट देतंय. बाब खरी आहे. दर वर्षी एप्रिलच्या पहिल्या रविवारी जातात. मी वेळापत्रकात हे धरलंच नव्हतं! म्हणून सातपर्यंत बसलो. सहाजणांचं टेबल होतं आणि ट्रॉफीत बिअर भरून फिरवायची पद्धत आहे, जिंकणाऱ्याने नाही म्हणणं म्हणजे हरणाऱ्याचा अपमान. सात म्हणजे साधारण आठ. घरी येऊन पुन्हा हिशोब केला. किती झाले ते नक्की आठवत नव्हतं, पण एक तास जास्तीचा असल्यामुळे सकाळपर्यंत उतरणार हे कागदावर बरोबर येत होतं. आणि एक तास जास्तीचा म्हणून गजर सहाऐवजी सातचा लावला.

साडेसातला गाडीत. नोएलीन पाच वाजल्यापासून कोट घालून बसलेली होती. मला दोनदा हाक मारली म्हणते. फुंकलो. नापास. सकाळी घाईत एक ईस्टरचा बन खाल्ला होता, त्यात यीस्ट असतं, यीस्टने आकडा वर जातो, हे मी कुठेतरी वाचलंय. नोएलीन म्हणाली, बनात किती ग्लास होते? परत फुंकलो. नापास. आता पाऊण तास कुलूप.

हिशोब कुठे चुकला तेच कळेना. तिला सगळा कागद वाचून दाखवला. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, क्लॅरी, तुला एकच तास मिळाला होता, तो तू तीनदा वापरलास. एकदा पिण्यात, एकदा उतरवण्यात, एकदा झोपण्यात.

फोन केले. डूली उचलत नाही. डूलीचा मेहुणा उचलतो, पण काय बोलतो ते त्याचं त्यालाही कळत नसावं. अध्यक्ष म्हणाले, मला स्वतःला उभं राहता येत नाहीये. सगळे स्पर्धेला होते ना. अख्ख्या गावात या घडीला फुंकून पास होईल असा एकच माणूस, हर्बर्ट पिम, आणि तो ईस्टरच्या प्रार्थनेला चर्चमध्ये, फोन बंद, निरोप ठेवला. धावत जाऊन चर्चच्या दारात उभं राहायला हवं होतं. ते आत्ता लिहिताना सुचतंय. सगळ्यांसमोर असं तोंड घेऊन कसं जायचं?

त्याच दिवशी. दुपारी दोन

कुलूप उघडल्यावर परत फुंकलो, नापास. हर्बर्ट साडेदहाला आला, चर्चच्याच कोटात. निरोप मिळताच. युनिटला फोन केला तर लागी सिस्टर म्हणाली, आता तुम्ही पोहोचेपर्यंत बारा वाजतील, उद्या दुपारी एकला मी तिला कशीतरी बसवते, तोवर पाणी अगदी घोट घोट, खारट काही नको, आणि दम लागला तर वाट बघू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा. हर्बर्ट म्हणाला, उद्या मीच नेतो. मला टोचून एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. जाताना टोमॅटो ठेवून गेला. नोएलीन म्हणाली, मला टोमॅटो चालत नाहीत रे हर्बर्ट, पोटॅशियम. तो बिचारा पिशवी घेऊन परत गेला.

नोएलीन झोपली आहे, दोन उशा लावून. घड्याळाची ही पद्धत बंद करायला पाहिजे. आमदाराला पत्र लिहिणार आहे. लोकांच्या जिवाशी खेळ आहे.

दोनच घेतले. हात थरथरत होते म्हणून.

सोमवार, ६ एप्रिल. संध्याकाळी पाच, मेरिडेल

सकाळी आठला तिला दम लागला. पलंगावर बसून, दोन्ही हात गादीवर टेकून, तोंडाने श्वास. ओठ निळसर. पाय सुजलेले, चपलेत जाईनात. मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती येईपर्यंत पंचवीस मिनिटं लागली. गाडी दारातच उभी होती. फुंकून बघितलं नाही. वेळ नव्हता.

ती बोलू शकत नव्हती. माझा हात धरून ठेवला होता, ढकलला नाही. मी तिला सांगत होतो, घाबरू नकोस, आलेच. मीच घाबरलो होतो. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नाही.

ॲम्ब्युलन्समधल्या बाईने मला जवळून बघितलं आणि म्हणाली, काका, तुम्ही पुढे बसा, मागे जागा नाही. मागे जागा होती.

डॉक्टर म्हणाला, फुप्फुसात पाणी भरलं होतं, थोडक्यात निभावलं. त्याने विचारलं, कालची पाळी का चुकली? मी म्हटलं, गाडी सुरू झाली नाही. हे खोटं नाही.

गुरुवार, ९ एप्रिल

नोएलीन आयरिसकडे राहते आहे. आयरिस तिची धाकटी बहीण, हॉस्पिटलपासून दोन गल्ल्यांवर घर. काही दिवसांपुरतं, असं मी समजतो. मी बसने परत आलो. आयरिसने मला एवढंच विचारलं की नोएलीनच्या हिवाळी कपड्यांचं कपाट कुठलं. हिवाळा अजून दोन महिने लांब आहे.

एकट्याने सूप गरम केलं. फ्रिजवरचं वेळापत्रक अजून लावलेलंच आहे. डूली येऊन गेला, ट्रॉफी आणली होती, आधी तू ठेव, मग मी, म्हणाला. मी दार उघडलं नाही. खिडकीतून सांगितलं की तब्येत बरी नाही. या वेळी ते खरं होतं.

मंगळवार, २१ एप्रिल. दुपारी, आयरिसच्या घरासमोर

पंधरा दिवस शून्य. कोर्सच्या वहीतही शून्य, याही वहीत शून्य, दोन्ही वह्या पहिल्यांदाच जुळल्या. सकाळी फुंकलो, पास. रस्त्यात तीनदा बीप, तिन्ही पास. कॉलर असलेला शर्ट. नोएलीनला घरी न्यायला आलो होतो. तिची मऊ उशी मागच्या सीटवर ठेवली होती.

ती युनिटमधून चालत आली. चालत! आयरिसचा हात धरून, पण चालत. चेहरा भरलाय. मी तिला सगळे आकडे सांगितले. ती म्हणाली, बरं वाटलं ऐकून. खरंच बरं वाटलं, क्लॅरी. मग आम्ही आयरिसच्या ओट्यावर बसलो. मी म्हटलं, चल आता. ती म्हणाली, मी इथेच राहणार.

मी म्हटलं, अगं, पण मी पास झालोय. पंधरा दिवस. मशीनला विचार.

ती म्हणाली, मला माहीत आहे तू पास झालास. उद्याही होशील कदाचित. पण माझा जीव असा दर सकाळी तुझ्या पास-नापासावर टांगलेला मला नको. इथे मी अजून पाचला उठते, बीप ऐकायला. मग आठवतं की इथे बीप नाही, आणि परत झोपते. तुला कल्पना नाही ती झोप किती छान लागते.

मी डूलीचं सांगितलं, राऊंडचं, घड्याळाचं, ट्रॉफीचं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, चाळीस वर्षं प्रत्येक गोष्टीत कुणीतरी होतंच रे, मटण होतं, खुर्च्या होत्या, बन होता. फक्त तू कधी नव्हतास.

रागावली असती तर चाललं असतं. ती दमली होती. तिने माझा हात धरला, तसाच, त्या सोमवारसारखा, आणि मी रडलो. आयरिस आत गेली. नोएलीन म्हणाली, भेटायला येत जा. मी म्हटलं, येईन. उशी तिला देऊन आलो.

मंगळवार, २८ एप्रिल. सकाळी साडेसहा

पाचला जाग आली. अंघोळ, दाढी. थर्मास भरला. गाडीत बसलो, फुंकलो. एक लांब बीप. पास.

गाडी मागे घेतली, फाटक उघडायला उतरलो, आणि नोएलीनच्या बाजूचं दार नीट लागलंय का बघायला गेलो. तेव्हा लक्षात आलं की आज कुणाला न्यायचं नाही.